१२च्या ट्रान्सफॉर्मरवर १६चा कपॅसिटर का फुगतो?

प्रश्न : १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि १६ व्होल्टचा कपॅसिटर लावला. लोड अजून जोडलाही नव्हता, तरी दोन दिवसांत कपॅसिटर डोक्यावर फुगला. माल खराब होता का?

उत्तर : मालाला दोष देऊ नका. ट्रान्सफॉर्मरवर छापलेले १२ म्हणजे आरएमएस (एसी व्होल्टेजचं परिणामी मूल्य). लाट मात्र दर अर्ध्या आवर्तनात त्याच्या १.४१४ पट, म्हणजे १७ व्होल्टपर्यंत चढते आणि कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो. ब्रिजमधल्या दोन डायोडचे साधारण १.४ वजा केले, तर साडेपंधरा उरतात. इथे वाटतं, १६ पुरेल. पण छापलेले १२ हे पूर्ण लोडवरचे असतात. छोटा ट्रान्सफॉर्मर रिकामा असताना सहज १४ देतो. मग शिखर जवळपास २० होतं आणि डायोड वजा जाता कपॅसिटरवर १८च्या वर बसतात. त्यात रात्री लाइन (घरात येणारं व्होल्टेज) चढली, की आणखी भर. इथे २५ व्होल्टचा कपॅसिटर हवाच. मी स्वतः ३५चा लावतो.

प्रश्न : १२-०-१२ (वाइंडिंगच्या मधून तार काढलेला ट्रान्सफॉर्मर) आणि दोन डायोड. ५० व्होल्टचा ४००१ (1N4001) डायोड चालेल?

उत्तर : नको. एक डायोड चालू असताना कपॅसिटर अधिक १७वर असतो, तर वाइंडिंगचं दुसरं टोक उणे १७वर. बंद डायोडला दोन्ही मिळून ३४ उलटे सोसावे लागतात, लोड नसताना ४०च्या आसपास. ५० फारच काठावर आहे. १००० व्होल्टचा ४००७ घ्या, किमतीत नाव घेण्यासारखा फरक नाही.

प्रश्न : एसएमपीएसच्या (स्विचिंग पद्धतीच्या पॉवर सप्लायच्या) मोठ्या कपॅसिटरवर मीटर ३२२ डीसी दाखवतो. घरात तर २३०च येतात!

उत्तर : मीटर बरोबर आहे. २३० गुणिले १.४१४ म्हणजे ३२५. म्हणूनच त्या कपॅसिटरवर ४०० लिहिलेलं असतं. लाइन २७०वर गेली तर शिखर ३८२ होतं.

आता जिवाची गोष्ट. प्लग काढल्यावरही हे व्होल्टेज कपॅसिटरमध्ये टिकून राहू शकतं. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी दोन्ही टोकांना जोडा. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दहा-पंधरा सेकंदांत उतरतो. मग मीटर लावून खात्री करा, तोवर बोर्डाला हात लावू नका. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट तर कधीच करू नका. मी एकदा केलं होतं. त्याच्या पात्यावर वितळून पडलेली खाच अजून तशीच आहे.