मृत्युपत्राचं काम : पुस्तकावरचं साल आधी बघा

मृत्युपत्रं आणि वारसाहक्काची कामं नव्याने घेणाऱ्या वकिलांची पत्रं येतात. गोंधळ दर वेळी तोच असतो, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

नोंदणी कार्यालयाबाहेरचे एजंट सांगतात, मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची आहे. खरं का?

नाही. नोंदणी अधिनियम 1908, कलम 18 वाचा. मुद्रांक शुल्कही लागत नाही.

वारस दाखला आणि उत्तराधिकार दाखला एकच ना?

नाही. पहिला 1827 च्या मुंबई विनियम 8 खाली मिळतो. दुसरा भारतीय उत्तराधिकार अधिनियम 1925 च्या कलम 372 खाली, आणि तो फक्त येणी व रोख्यांपुरता.

मुंबईतल्या फ्लॅटसाठी प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र) घ्यावंच लागतं, असं माझ्याकडच्या टीकाग्रंथात आहे. तेच अशिलाला सांगू?

ग्रंथ कोणत्या सालचा आहे? 1925 च्या अधिनियमातल्या ज्या कलम 213 मुळे ही सक्ती होती, ते डिसेंबर 2025 मध्ये संसदेने वगळलं. प्रोबेट घेण्याची मुभा मात्र आहे, आणि वाद दिसत असेल तर घेतलेलं बरं. मृत्युपत्र मुंबईबाहेर केलेलं असेल, तर पुण्या-नागपुरातल्या मिळकतीला सहसा पूर्वीही सक्ती नव्हती. तरी ऐकीव माहितीवर लोकांना वर्षानुवर्षं खर्चात पाडलं गेलं, याचा मला मनस्वी राग आहे.

जुन्या पुस्तकाचा धोका इथेच संपत नाही. साक्षीदार तपासून मृत्युपत्र शाबित करण्याचं कलम पुरावा कायद्यात 68 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते 67 आहे. नव्या कायद्यातलं 68 म्हणजे जुनं 69 : साक्षीदार सापडतच नसेल तर काय करायचं ते. म्हणजे सवयीने 68 लिहिलंत, तर साक्षीदार कोर्टाबाहेर बाकावर बसलेला असताना तुमचा अर्ज भलतंच सांगतो.

निवाड्यांचंही तेच. एका ज्युनिअरने मृत्युपत्राभोवतीच्या संशयास्पद परिस्थितीवर मोबाइलवरून उतरवलेला निवाड्याचा संदर्भ आणला. निवाड्यांचा खंड काढून ते पान उघडलं, तर तिथे भाडेकरूचा दावा! या विषयावर वेंकटचल अय्यंगार हा निवाडा, एआयआर (ऑल इंडिया रिपोर्टर) 1959 सर्वोच्च न्यायालय 443, मुळातून वाचा. अधिनियम इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर, सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे त्याच्याच ई-एससीआर या संकेतस्थळावर फुकट आहेत. न वाचलेला निवाडा अर्जात घालू नका. शंका असेल तर दाखल करण्याआधी याच शाखेतल्या ज्येष्ठाला दाखवा.

तयार नमुन्यांचं पॅकेज स्वस्तात मिळतंय. घेऊ?

नको. मी पाहिलेल्या एका नमुन्यात नोटरीच्या शिक्क्याला मोठा चौकोन होता आणि साक्षीदार एकच. 1925 च्या अधिनियमातल्या कलम 63 ला किमान दोन लागतात. नोटरी ही उणीव भरून काढत नाही.

अशील गोव्याचे, फ्लॅट मुंबईत. 1925 चाच कायदा लागेल ना?

असं धरून चालू नका. जोस पावलो कुतिन्हो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं, की गोवेकराची मिळकत भारतात कुठेही असो, वारसाहक्क गोव्याच्याच कायद्याने ठरतो. तिथे सक्तीचे वारस (ज्यांना कायद्याने डावलता येत नाही असे) असतील तर निम्म्या हिश्श्याला मृत्युपत्राने हात लावता येत नाही. मसुद्याआधी गोव्यातल्या वकिलाचं मत लेखी घ्या.

वडिलांचं मृत्युपत्र आहे, प्रोबेट सवडीने घेऊ, असं अशील म्हणतात.

मुदत कायद्याचा अनुच्छेद 137 प्रोबेटलाही लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये म्हटलंय. मुदत तीन वर्षं, अर्जाचा हक्क निर्माण झाल्यापासून. तो केव्हा निर्माण झाला, हे कागद पाहूनच ठरेल, तेव्हा ज्येष्ठांना याच आठवड्यात भेटा. आणि दोन्ही साक्षीदारांचे पत्ते, फोन आजच लिहून घ्या. ते बहुधा वडिलांच्याच वयाचे असतात.