बाळाची अन्ननलिका श्वासनलिकेला जोडलेली आहे, ऑपरेशनने बरं होतं का?

हो, ऑपरेशननंतर बहुतेक बाळं तोंडाने दूध पिऊ लागतात. पण तोवर तोंडात दुधाचा थेंबही नको, आजीने हट्ट धरला तरी मध किंवा घुटीही नको. साधारण ३ ते ४ हजार जन्मांमागे एका बाळात हा दोष सापडतो. बहुतेकदा अन्ननलिकेचा वरचा भाग पिशवीसारखा बंद असतो आणि खालचा श्वासनलिकेत उघडतो. त्यामुळे लाळ खाली उतरत नाही, कितीही पुसली तरी तोंडाशी फेस येतच राहतो. खालच्या जोडातून पोटातलं आम्ल फुफ्फुसात चढतं, आणि खरा धोका तोच आहे. तोंडातून घातलेली नळी साधारण १० सेंटिमीटरवर अडते, एक्स-रेत ती वरच्या पिशवीत वेटोळी झालेली दिसते. ऑपरेशनमध्ये सहसा उजव्या बाजूने छाती उघडून तो जोड बंद करतात आणि अन्ननलिकेची दोन टोकं शिवतात. टोकांमधलं अंतर फार असेल तर आधी पोटात थेट नळी घालून दूध देतात, टोकं काही महिन्यांनी जोडतात. मात्र वजन दीड किलोपेक्षा कमी असेल किंवा हृदयातही मोठा दोष असेल तर जोखीम बरीच वाढते, म्हणून हृदयाची सोनोग्राफी झाली का हे आजच विचारा. पुढे शिवलेली जागा आकसून घास अडकू लागला तर ती रुंद करून घ्यावी लागते. ठसकेदार, भुंकल्यासारखा खोकला मात्र काही वर्षं राहू शकतो.