सांकेतिक भाषेची दुभाषी व्हायचंय? फी भरण्याआधी हे पाहा

ताई, कराडहून पाठवलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगी यंदा बारावी कॉमर्सला आहे. चुलतभाऊ कर्णबधिर असल्यामुळे तिला लहानपणापासून खुणांची सवय आहे. मोबाईलवर बघून ती गाण्यांवर साइन करते आणि आता तीन महिन्यांच्या ऑनलाइन सर्टिफिकेटची फी भरायला निघाली आहे. ते सर्टिफिकेट चालेल का, खरा कोर्स कुठे मिळतो आणि यावर पोट भरेल का, असं तुम्ही विचारलं आहे.

सर्टिफिकेट भाषेची ओळख म्हणून चालेल, पण त्यावर दुभाषी म्हणून काम मागता येणार नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची मान्यता असलेला दोन वर्षांचा डिप्लोमा आहे : डिप्लोमा इन इंडियन साइन लँग्वेज इंटरप्रिटेशन, थोडक्यात ‘डीआयएसएलआय’. तो झाल्यावर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवून नंबर मिळतो. सरकारी जाहिरातींत हाच नंबर मागतात. बारावी कोणत्याही शाखेची चालते, त्यामुळे कॉमर्सची काळजी नको. आपल्याला जवळचं ठिकाण मुंबईत, वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग राष्ट्रीय वाचा-श्रवण संस्था. दिल्लीत २०१५ साली स्थापन झालेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे (सगळे त्याला आयएसएलआरटीसी म्हणतात). दक्षिणेत तिरुवनंतपुरमची ‘निश’ ही वाचा-श्रवण संस्था आहे. प्रवेशाची पद्धत मधल्या काळात बदलत आली आहे. म्हणून मैत्रिणीच्या ताईने काय केलं ते विचारू नका, परिषदेच्या संकेतस्थळावर त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचा आणि संस्थेचं नाव मान्यताप्राप्त यादीत आहे का, ते स्वतः पाहा. आणखी एक घोळ नेहमी होतो. ‘डीटीआयएसएल’ हा नावाने जवळचा वाटणारा डिप्लोमा सांकेतिक भाषा शिकवणाऱ्यांचा आहे आणि तो कर्णबधिर उमेदवारांसाठीच आहे. तुमच्या पुतण्याची बारावी झाली असेल तर त्याला मात्र जरूर सांगा.

आता तिच्या तयारीबद्दल. गाण्यावर साइन करताना गाणं पाठ असतं, थांबून पुन्हा शूट करता येतं आणि समोर उत्तर देणारं कुणी नसतं. दुभाषाच्या कामात यातलं काहीच नसतं. शब्दाला खूण लावत गेली की मराठीच हातांनी बोलली जाते, आणि ती कर्णबधिर माणसाला धड कळत नाही. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे. ‘तू काल कुठे गेली होतीस?’ हे साधारण ‘काल – तू – जाणे – कुठे’ असं होतं. काळ आधी सांगायचा, प्रश्नशब्द शेवटी, आणि प्रश्न आहे हे चेहऱ्याने दाखवायचं. ‘हो-नाही’ उत्तराच्या प्रश्नाला भुवया वर जातात. चेहरा कोरा राहिला तर प्रश्नाचं विधान होतं. ‘बँकेने हात वर केले’ या वाक्याला नवखी मुलगी खरोखर दोन्ही हात वर करते.

जागेचा वापर हा याहून अवघड भाग. उजवीकडे एक माणूस ‘ठेवला’, डावीकडे दुसरा, की ‘ढकलणे’ या खुणेची दिशाच कुणी कुणाला ढकललं ते सांगते. पुढच्या वाक्यात जागा बदलल्या तर कोर्टात फिर्यादी आणि आरोपीही बदलतात. ‘कशाने मारलं?’ हा प्रश्न विचारतानाच जर काठीने मारल्यासारखी खूण केली, तर साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घातल्यासारखं होतं. न बोलू शकणाऱ्या साक्षीदाराचा जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने घ्यावा आणि त्याचं चित्रीकरण करावं, असं भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १२५ सांगतं. म्हणजे तिची चूक कायमची नोंदली जाणार. नव्याने पास झालेल्यांनी कोर्टाचं काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शाळा, कार्यशाळा, बैठका इथे दोन-तीन वर्षं घासल्यावर मग तिकडे वळावं.

बहुतेक मुली मात्र हातांपाशी अडत नाहीत, आवाजापाशी अडतात. कर्णबधिर माणूस खुणांनी बोलतो, ते त्याच वेळी नीट मराठीत म्हणायचं असतं. ‘मला छातीत दुखतंय’ असंच म्हणायचं, ‘तो म्हणतोय की त्याच्या छातीत दुखतंय’ असं नाही. एक-दोन वाक्यं मागे राहून बोलायचं : फार जवळ राहिलं की अर्थ कळण्याआधीच शब्द फेकले जातात, फार मागे पडलं की मधलं गळतं. याचा सराव आजपासून करता येईल. आयएसएलआरटीसीच्या यूट्यूब चॅनलवरचा पाच मिनिटांचा व्हिडिओ आवाज बंद करून, अक्षरं झाकून लावा. तिला मराठीत बोलू द्या, ते फोनवर रेकॉर्ड करा आणि नंतर मूळ आवाजाशी ताडून बघा. शब्दसाठ्यासाठी त्याच केंद्राचा दहा हजार शब्दांचा कोश मोफत आहे. पण कोशातली खूण आणि साताऱ्या-कोल्हापूरकडच्या मंडळींची खूण वेगळी निघाली, तर समोरच्याची वापरायची.

म्हणून फी भरण्याआधी सहा महिने, दर रविवारी, कर्णबधिर प्रौढांच्या मंडळात जाऊ द्या. फक्त चुलतभावाशी बोलून भागणार नाही. घरातल्या खुणा घरापुरत्या असतात आणि घरचे लोक अर्धं अंदाजाने समजून घेतात. तिथे तिला कुणी ‘कळलं नाही, पुन्हा सांग’ म्हटलं तर वाईट वाटतं की पुन्हा सांगते, हे बघा. वाईटच वाटत असेल तर हा पेशा नको.

पोटापाण्याचं म्हणाल तर कराडात राहून पूर्णवेळ काम मिळणं कठीण. काम मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर इथे आहे : विशेष शाळा, महाविद्यालयं, कर्णबधिर कर्मचारी असलेल्या कंपन्या, बातम्या, संस्थांचे कार्यक्रम. बरंचसं काम कंत्राटी, तासावर किंवा दिवसावर असतं, आणि पैसे उशिरा येतात. सुरुवातीची दोन वर्षं घरून थोडी मदत लागेल असं धरून चला. पदवीही सोडू नका, तिच्याशिवाय पुढच्या पदांची दारं बंद राहतात.

काम ठरवताना दर, वेळ आणि प्रवासखर्च लेखी घ्यावा. भाषणाची प्रत आणि लोकांची नावं आदल्या दिवशी मागावीत. तासाभराहून लांब कार्यक्रम असेल तर दुसरा दुभाषी मागावा. दोघांनी साधारण वीस मिनिटांनी आलटून-पालटून काम करायचं, कारण थकल्यावर चुका होतात आणि त्या करणाऱ्याला जाणवत नाहीत. आयोजक ‘एकीवरच भागवा’ म्हणतात, तेव्हा कार्यक्रमाची वेळ निम्मी करायला सांगावं नाहीतर नकार द्यावा. मनगट आणि खांदे लवकर धरतात, त्यासाठीही विश्रांती हवीच. कपडे एकरंगी, त्वचेच्या रंगाहून वेगळे. बांगड्या, अंगठ्या आणि भडक नेलपॉलिश नको. पाठीमागे खिडकी असेल तर जागा बदलून मागावी.

परिषदेच्या नोंदणीचं पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं आणि त्यासाठी प्रशिक्षणांचे गुण जमवावे लागतात. प्रमाणपत्रांची फाईल पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगा.