कल्पित जगातील स्थलांतर करणाऱ्या जमातीचा इतिहास आणि संस्कृती कशी रचावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही एक अद्भुतरम्य कादंबरी लिहीत आहात, तिच्यात एक भटकी जमात आहे, तिचे राज्य तीनशे वर्षांपूर्वी बुडाले, तेव्हापासून ही माणसे वारा नेईल तिकडे जातात आणि कोणाच्या अध्यात ना मध्यात असतात; तर या जमातीचे देव, सण, पोशाख, गाणी आणि इतिहास कसा रचावा. अशाच एका कादंबरीचे दोन खर्डे मी स्वतः फाडले आहेत, त्यामुळे सणांकडे वळण्याआधी मूळ कल्पनेवरच एक आक्षेप नोंदवतो. वारा नेईल तिकडे जाणारी जमात मला वाचनातही भेटलेली नाही आणि प्रत्यक्षातही नाही. गावात घर असलेला माणूस एखादे वर्ष आळसात काढू शकतो. ज्याच्या मेंढरांना ठरलेल्या पंधरवड्यात ठरलेल्या रानात पोचायचे असते, त्याला ती चैन परवडत नाही. भटका म्हणून आपण ज्याला ओळखतो तो बहुधा गावकऱ्यापेक्षा जास्त पंचांगाने बांधलेला असतो.

माझ्या पहिल्या खर्ड्यात एक पांढरे, मिठाचे पठार होते आणि त्यावरून लोकरी जनावरांचे कळप घेऊन फिरणारे लोक होते. त्यांच्या भाषेची बाराखडीसुद्धा मी तयार केली होती. भोरकडे राहणाऱ्या माझ्या मामांनी ती वही संपूर्ण वाचली आणि एकच प्रश्न विचारला, "अरे, हे सगळं ठीक आहे, पण रात्री ही जनावरं कोंडतात कशात?" माझ्याकडे उत्तर नव्हते. भाताची कापणी होऊन गेली होती आणि त्यांच्याच खाचरात धनगरांचा वाडा उतरला होता, तिथे ते मला घेऊन गेले.

वाडा म्हणजे इथे इमारत नव्हे. एकत्र चालणाऱ्या काही कुटुंबांचा आणि त्यांच्या कळपांचा तो तांडा असतो. त्या संध्याकाळी पाहिलेली गोष्ट सांगतो. मेंढरे अजून दूरच्या माळावर होती, पण बायका घोड्यांवर बिऱ्हाड लादून आधीच पोचल्या होत्या. एका घोड्याच्या पाठीवर भांडी, धान्याच्या थैल्या आणि वाकळा होत्या, त्यांच्यावर पाय बांधलेल्या तीन कोंबड्या होत्या आणि बाजूला लोंबणाऱ्या झोळीतून दोन दिवसांच्या कोकराचे डोके बाहेर आले होते. ओझे उतरल्यावर पहिल्यांदा तीन दगडांची चूल मांडली गेली आणि मग मेखा ठोकून वाघर उभारायला सुरुवात झाली. वाघर म्हणजे दोरीचे जाळे, त्याचे रात्रीपुरते कुंपण होते आणि सकाळी ते गुंडाळून घोड्यावर चढते. मामांच्या प्रश्नाचे उत्तर हेच होते. मेंढरे आत आली, कुत्री बाहेर बसली आणि रात्रभरात त्या खाचराला जे लेंडीखत मिळाले त्याबद्दल मामांनी सकाळी धान्य आणि थोडे पैसे दिले. पुढच्या दोन रात्री मेंढरे शेजाऱ्याच्या रानात बसणार, हे आधीच ठरलेले होते.

तुमच्या कादंबरीला लागणारी जवळजवळ सगळी सामग्री या एका देवघेवीत आहे, असे मला वाटते. म्हणून पहिले काम नकाशाचे करा, आणि त्यात राजधान्यांच्या आधी पाऊस भरा. आपल्याकडचा नकाशा कल्पनेलाही लाजवील असा आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि तिथून सरळ रेषेत ऐंशीएक किलोमीटर पूर्वेला, फलटणच्या बाजूला, तो पाचशेच्या आसपास उरतो. पावसाळ्यात मेंढरू घाटमाथ्यावर किंवा कोकणात टिकत नाही, कारण सतत ओल्या चिखलात त्याचे खूर सडतात; उलट फलटण, माण, खटाव या कोरड्या भागात तेवढ्याच चार महिन्यांत माळावर गवत असते. दसरा-दिवाळी झाली की ते गवत संपते, आणि नेमकी त्याच सुमारास पश्चिमेकडची भातखाचरे रिकामी होतात, ज्यांना खत हवे असते. म्हणून वाडे वरंध्यासारख्या घाटांतून खाली उतरतात आणि पावसाची चिन्हे दिसू लागली की परत फिरतात. तुमच्या जगात दोन चंद्र असोत किंवा हवेत तरंगणारी बेटे असोत, 'अमुक महिन्यात इथे राहता येत नाही आणि अमुक महिन्याआधी तिथे जाता येत नाही' हे एक वाक्य लिहून काढा. ते लिहिता आले नाही, तर तुमची जमात प्रवासी आहे, स्थलांतरित नाही.

ही माणसे कोणाच्या अध्यात ना मध्यात असतात, हे तुमचे गृहीतकही इथेच कोसळते. ज्यांच्या रानात उतरायचे, ज्यांना खत द्यायचे, ज्यांच्याकडून धान्य घ्यायचे, त्यांच्याशी पिढ्यान् पिढ्यांचा घरोबा लागतो आणि त्याबरोबरच संशयही येतो. कोणाच्या उभ्या पिकात मेंढरू शिरले, कोणाची कोंबडी नाहीशी झाली, कोणत्या विहिरीवर पाणी भरू द्यायचे आणि कोणत्या नाही, या असल्या किरकोळ तंट्यांतून दोन समाजांचा खरा इतिहास घडतो, आणि कथानकासाठी तो सिंहासनाच्या लढाईपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

हा घरोबा आणि हा संशय देवांच्या कथांत कसा उतरतो, ते जेजुरीला पाहण्यासारखे आहे. खंडोबाची म्हाळसा लिंगायत वाण्याची मुलगी, तर बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव तिच्या बापाच्या घरी मेंढरे राखायला राहिला, आणि तिला घेऊन आल्यावर दोघी सवतींची जी भांडणे झाली त्यांची गाणी आजही मोठ्या चवीने गाइली जातात. म्हाळसा गडावर देवाजवळ आहे आणि बाणाईचे देऊळ गड चढताना अर्ध्या वाटेवर लागते. पेठ आणि माळ एकमेकांवाचून जगू शकत नाहीत, पण एका घरात नांदतही नाहीत, ही सामाजिक वस्तुस्थिती कोणीतरी चढणीवरच्या एका देवळाच्या जागेतून सांगून टाकली आहे. तुमच्या जमातीला बारा देव देण्यापेक्षा असा एक देव द्या, ज्याला दोन्ही समाज आपला म्हणतात आणि ज्याच्या कथा दोघेही वेगवेगळ्या सांगतात.

भटक्यांचा देव स्वतःही चालणारा असतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुरंदरातील वीरच्या म्हस्कोबाची कथा अशी की, कमळाजी नावाचा धनगर सोनारीच्या भैरवाचा भक्त होता, आणि म्हातारपणी त्याच्याने ती वारी होईना तेव्हा देवच त्याच्यामागून वीरला आला. सोनारी मराठवाड्याच्या बाजूला आहे, वीर निरेच्या खोऱ्यात आहे. देव कुठून कुठे आला याची कथा म्हणजे माणसे कुठून कुठे आली याची आठवण, असे तिच्याकडे पाहता येते. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुण्याच्या परिसरातील डोंगरांवरच्या देवींची ठाणी आणि तिथे सापडणारी बारीक दगडी हत्यारे यांची सांगड घालून असे मांडले होते की, आजच्या यात्रांचे आणि पालख्यांचे मार्ग फार जुन्या पशुपालकांच्या वाटांवरून जातात. तसे असेल, तर जमात एखाद्या ठिकाणी स्थिर झाल्यावरही तिची वाट मरत नाही, ती तीर्थयात्रा होऊन उरते. कल्पित इतिहास रचणाऱ्याला याहून मोठी भेट मिळणे कठीण आहे: तुमच्या नगरातील प्रतिष्ठित पुरोहित दरवर्षी ज्या वाटेने मिरवणूक नेतात, ती वाट ते ज्यांना वेशीबाहेर उभे करतात त्यांच्याच पूर्वजांची आहे, हे वाचकाला एखाद्या प्रकरणात हळूच कळू द्या.

जादूविषयी तुम्ही विचारलेले नाही, पण अद्भुतरम्य कादंबरीत ती असणारच, म्हणून एक सुचवतो. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली येथे धनगरांच्या विठ्ठल-बिरदेवाची यात्रा दसऱ्यानंतर भरते. भंडारा, खोबरे आणि लोकर यांची उधळण चालू असते, हवा पिवळी झालेली असते, आणि ज्यांच्या अंगात देव येतो ते फरांडेबाबा तलवारीने हेडाम, म्हणजे देवाचा नाच, खेळत देवळापाशी येऊन भाकणूक, म्हणजे भविष्य, सांगतात. त्या भाकणुकीत पाऊस कसा होईल, पिके कशी येतील, धान्याचे भाव आणि रोगराई यांविषयी सांगितलेले असते. बाहेर पडण्याच्या हंगामाशी हा दिवस किती जवळ आहे, ते पाहा. म्हणजे अंगात येणारी शक्ती आगीचे गोळे फेकण्यात खर्च होत नाही. वर्षभराच्या वाटचालीला लागणारी माहिती ती सगळ्यांसमक्ष, एकाच वेळी देते. तुमच्या जमातीची जादू त्यांच्या रोजच्या चिंतेला उत्तर देणारी असली, तर तिच्यावर विश्वास ठेवायला वाचकाला कष्ट पडत नाहीत.

आता इतिहास. तुम्ही तीनशे वर्षांची सनावळी जोडली आहे, ती वाचताना मला शंका आली की ती कोणी जपून ठेवली. लिहिलेले कागद घोड्याच्या पाठीवर आणि पावसात फार काळ राहत नाहीत. आठवण ठेवायची ती ओवीत, म्हणजे रात्री ढोलाच्या साथीने सुंबरान, म्हणजे देवाचे स्मरण, मांडून, गाणे आणि गद्य सांगणे आलटूनपालटून चालवून. वर्षे आकड्यांनी मोजली जात नाहीत. माझ्या आजोळचे जुने लोकदेखील वय सांगताना 'बहात्तरच्या दुष्काळात मी अमुक एवढा होतो' असेच सांगत. म्हणून तुमच्या पात्राने 'आमचे राज्य तीनशे सात वर्षांपूर्वी बुडाले' असे म्हणू नये. त्याने एखाद्या खिंडीचे नाव घ्यावे आणि तिथे कोणाची जनावरे गारठून मेली ते सांगावे, आणि त्याच खिंडीची गोष्ट गावातल्या कारकुनाच्या दप्तरात वेगळीच नोंदलेली असावी.

राज्य बुडाल्यामुळे माणसे भटकी झाली, हे कारण मी तर काढूनच टाकीन. ते वाचकाने शेकडो वेळा वाचलेले आहे, शिवाय त्यात एक अपमान दडलेला आहे: जणू स्थिर घर हीच माणसाची स्वाभाविक अवस्था आणि फिरणे म्हणजे शिक्षा. उलट्या दिशेचे उदाहरण जास्त रोचक आहे. मल्हारराव होळकर 1693 मध्ये निरेकाठच्या होळ गावी धनगराच्या घरी जन्मले आणि त्यांच्या घराण्याने पुढे माळव्यात राज्य केले. मेंढरांच्या मागे वाढलेल्या माणसाला पाणवठे, घाट आणि मुक्कामांची अंतरे पाठ असतात. घोडदळाच्या सरदाराला दुसरे काय लागते, असा माझा आपला तर्क आहे. तुमच्या जमातीतून एक शाखा राजघराणे होऊन स्थिरावली आणि बाकीचे अजून चालतच आहेत, असे केलेत तर दोघांच्या भेटीचा प्रसंग आपोआप उभा राहील.

पोशाखावर फार पाने खर्च करू नका. एक वस्तू घ्या आणि तिला पुरते काम द्या. घोंगडी पाहा: स्वतःच्याच मेंढरांच्या लोकरीची, सणगराच्या, म्हणजे घोंगड्या विणणाऱ्याच्या, मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ देऊन ताठ केलेली. पावसात डोक्यावर तिची खोळ होते, थंडीत पांघरूण होते, पाहुणा आला की बैठक होते, आणि देवाच्या कार्यालाही तीच अंथरली जाते. ओली झाली की तिला मेंढरांचाच वास येतो, ज्यावरून गावातली पोरे नाक मुरडतात. एवढे पुरे आहे.

राहता राहिला खलनायक. तुमच्या आराखड्यात काळ्या सैन्याचा एक सम्राट या जमातीवर चालून येतो. येऊ द्या, पण खऱ्या भटक्यांना संपवणाऱ्या गोष्टी तलवार घेऊन आल्या नाहीत. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर फिरणाऱ्या लमाणांचे तांडे एकेकाळी मोगलांच्या फौजांना रसद पुरवत. 1853 मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली, 1863 मध्ये ती बोरघाट चढली, आणि बैलाच्या पाठीवरचा तो व्यापार हळूहळू बसला. 1871 च्या कायद्याने इंग्रज सरकारने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले आणि त्यांच्या फिरण्यावर हजेरी लावली. तो शिक्का अधिकृतपणे पुसायला 1952 साल उजाडावे लागले. 1878 च्या वन कायद्याने जंगले राखीव झाली आणि कालपर्यंतची चराई आज गुन्हा झाली. निरेच्या खोऱ्यात कालवे आले तेव्हा तर कोणाच्या मनात धनगरांचे वाईटही नव्हते. पाणी आले, पाण्यामागून ऊस आला, आणि ऊस शेतात वर्षभर उभा असतो. ज्वारी काढल्यावर मोकळे पडणारे आणि मेंढरांची वाट पाहणारे रानच तिथे उरले नाही.

तुमच्या तिसऱ्या प्रकरणात दयाळू राणी दुष्काळी प्रदेशासाठी नदी वळवते आणि सगळे आनंदतात, असे तुम्ही लिहिले आहे. ते प्रकरण तसेच ठेवा, फक्त त्याच्या शेवटी तुमच्या जमातीतली एक बाई घोड्यावर बिऱ्हाड घेऊन नेहमीच्या मुक्कामाच्या शेतावर येऊ द्या, आणि ज्या शेतकऱ्याच्या बापाने तिच्या सासऱ्याला दरवर्षी धान्य मोजून दिले, तो बांधावर उभा राहून तिला काय सांगतो ते लिहून पाहा.