सेकंडहँड व्हॅनची स्टेपनी: नटाची भोकं मोजण्याआधी मागच्या एक्सलचं वजन करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमळनेरला सेकंडहँड व्हॅन घेतली, आठवडाभर तिच्यातून किराणा आणि भुसार माल जातो, सुटीच्या दिवशी घरची माणसं. गाडीसोबत स्टेपनी आली नाही. भंगार बाजारात एका कारचं चाक टायरसकट मिळतंय आणि विकणारा म्हणतो, "चार नट बसतात, तेरा इंची आहे, चालून जाईल." ते घ्यावं का, आणि बाकीची चार टायरं बदलायची झाली तर कोणत्या रेटिंगची?

ते चाक घेऊ नका, दादा. धुळ्याला हायवेलगत माझं टायरचं दुकान आहे. फुटलेली टायरं घेऊन ज्या व्हॅन माझ्याकडे येतात, त्यांत नट न बसल्याची तक्रार क्वचितच असते. बहुतेक ठिकाणी वजनाचा हिशोब चुकलेला असतो. म्हणून आधी वजन, मग टायर, मग रिम.

टायरच्या साइडवॉलवर काय लिहिलंय ते पूर्ण वाचा. समजा लिहिलंय १५५/८० आर १३ ७९ टी. १५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंची, आर म्हणजे रेडियल बांधणी, १३ ही इंचातली रिम. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. पण तुमच्या कामाचा आकडा पुढचा, ७९. हा लोड इंडेक्स आहे आणि ७९ म्हणजे एका टायरवर जास्तीत जास्त ४३७ किलो. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतचा वेग.

आता शेजारी दुसरं टायर ठेवा: १५५ आर १३ एलटी, ८ पीआर, ९०/८८. इथे उंचीचा आकडा नाही. तो नसला की उंची ८० टक्क्यांच्या आसपास धरायची. त्यामुळे दोन्ही टायरं उभी केली तर सारखीच दिसतात, आणि अनेक दुकानांत एकाच्या जागी दुसरं बिनदिक्कत चढवलं जातं. पण याचा लोड इंडेक्स ९० आहे, म्हणजे ६०० किलो. (तिरप्या रेषेनंतरचा ८८ हा मागे जोडचाकं असणाऱ्या गाड्यांसाठी, ५६० किलो. तुमच्या व्हॅनला मागे एकेकच चाक आहे, तेव्हा पहिला आकडा बघा.) एका चाकामागे १६३ किलोंचा फरक! एलटी किंवा नुसतं 'सी' ही खूण म्हणजे हलक्या मालवाहू गाडीसाठी बांधलेलं टायर. ८ पीआर (प्लाय रेटिंग) म्हणजे आत मोजून आठ थर असतात असं नाही, ती ताकदीची प्रत आहे.

तुमच्या व्हॅनला यातलं कुठलं लागतं हे माझ्या अंदाजावर ठरवू नका, गाडी काट्यावर न्या. आपल्याकडे जिनिंगच्या दारात वजनकाटा असतोच. नेहमीचा माल भरा, टाकी पूर्ण करा, तुम्ही आणि सोबतचा माणूस बसा. आधी पूर्ण गाडीचं वजन घ्या. मग गाडी पुढे घेऊन फक्त मागची दोन चाकं काट्यावर राहू द्या आणि दुसरी पावती घ्या. पुढची चाकं खड्ड्यात किंवा चढावर नकोत, जमीन काट्याच्या पातळीतच हवी.

समजा पूर्ण वजन १६५० किलो आलं. ४३७ किलोची चार टायरं म्हणजे १७४८ किलो, वरवर बघता हिशोब बसला. पण मागच्या एक्सलची पावती ९६० म्हणते. म्हणजे मागच्या प्रत्येक टायरवर ४८०. झाला की नाही ओव्हरलोड? आणि ४८० हे सपाट जागी, गाडी उभी असताना. पोती एका अंगाला लागली, वळणावर गाडी कलली, चाळीसगावहून कन्नड घाट चढायला लागलात, की त्यातलं एक टायर आणखी जास्त वजन घेतं. अशा गाडीला ७९ चं टायर नवं कोरं असलं तरी चुकीचंच, आणि ९० चं बरोबर.

स्टेपनीला हाच नियम लावा. पंक्चर कोणत्या चाकाचं होईल हे आपल्या हातात नाही, म्हणून जे चाक सगळ्यात जास्त वजन उचलतं त्याच्या जागी उभी राहील अशीच स्टेपनी हवी. पुढच्या आणि मागच्या टायरांचं रेटिंग वेगळं असेल तर स्टेपनी मागच्यासारखी घ्यायची. कारमध्ये येणारी बारीक, तात्पुरती स्टेपनी माल वाहणाऱ्या व्हॅनला अजिबात नको. तिच्यावर बहुतेक वेळा ताशी ८० ची मर्यादा छापलेली असते आणि वजनाला ती तोकडी पडते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. जास्त लोड इंडेक्सचं टायर टाकलं म्हणून गाडीची क्षमता वाढत नाही. पाटे, ब्रेक, एक्सल जुनेच राहतात. आरसी बुकावर एकूण वजन दिलंय ते ओलांडू नका. काट्यावर त्याहून जास्त भरलं तर माल कमी करा, टायर बदलून तो प्रश्न सुटणार नाही.

वेगाच्या अक्षराची फार चिंता करू नका. एन म्हणजे १४०, क्यू १६०, आर १७०, एस १८०. कंपनीने सांगितलंय त्यापेक्षा खालचं घेऊ नका, एवढंच पुरे. वेगाचं 'एच' रेटिंग आहे म्हणून कमी लोड इंडेक्सचं कारचं टायर कुणी चांगलं म्हणून दाखवलं तर नको म्हणा.

आता हवेबद्दल, कारण आपल्या खानदेशात टायर मरतं ते उन्हाने आणि कमी हवेने मिळून. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या वर जातो, डांबर त्याहून कितीतरी तापलेलं असतं. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दुमडते, दुमडण्याने आतून तापते, आणि रबर तारांच्या पट्ट्यापासून सुटायला लागतं. मग भुसावळच्या पुढे कुठेतरी भर दुपारी आवाज होतो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. तापमान साधारण ५-६ अंशांनी वाढलं की दाब १ पीएसआय वाढतो, आणि चालून आलेल्या टायरमध्ये ४-६ पीएसआय जास्त दिसणं हे नेहमीचंच. "उन्हाळा आहे, दोन-चार कमी करतो" म्हणून गरम टायरची हवा सोडणारा माणूस तुमचं नुकसान करतोय.

किती भरायची? ड्रायव्हरच्या दरवाजाच्या खांबावर स्टिकर असतं, त्यावर मोकळ्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे असतात, पुढचे-मागचे वेगळे. साइडवॉलवरचा दाब ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. तो आकडा रोज भरण्यासाठी छापलेला नाही. पण एलटी टायर आपलं पूर्ण वजन पूर्ण दाबालाच उचलतं, ८ पीआरला तो ६५ पीएसआयच्या आसपास असतो. म्हणजे एलटी टायर घेऊन त्यात कारसारखी ३० हवा ठेवली तर दिलेले पैसे वाया. आणि ६५ च्या जवळ जाणार असाल तर वॉल्व्हही बघून घ्या. कारचा साधा रबरी वॉल्व्ह ६५ पर्यंतचाच असतो. त्यापुढे नटाने कसलेला धातूचा वॉल्व्ह बसवून घ्या, किरकोळ खर्च आहे.

रिमकडे येतो. चार भोकं जुळली म्हणजे पीसीडी जुळला असं नाही. पीसीडी म्हणजे नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. चार भोकांत समोरासमोरच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजा, तोच पीसीडी. पाच भोकं असतील तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतलं अंतर मोजून १.७ ने गुणा. ९८ आणि १०० मिलिमीटरच्या रिमा डोळ्यांना सारख्या दिसतात, नट जोराने आवळले तर बसतातही. पण नट तिरपे बसतात, स्टडवर (ज्या बोल्टवर नट चढतो त्यावर) वाकडा ताण राहतो आणि नट सैल होत जातात. मालाने भरलेल्या गाडीत हे फार धोक्याचं आहे.

पीसीडी जुळल्यावर मधलं भोक हबवर, म्हणजे गाडीला चाक जिथे बसतं त्या मधल्या भागावर, नीट बसतंय का बघा. मग ऑफसेट, म्हणजे रिमची बसण्याची जागा मध्यापासून किती आत किंवा बाहेर आहे ते. चुकीच्या ऑफसेटची रिम आत सस्पेन्शनला घासते नाहीतर बाहेर येऊन बेअरिंगवर भार टाकते. नटाची बैठक तिरपी आहे, गोल आहे की सपाट, हेही जुळायला हवं. चार चाकं अलॉय आणि स्टेपनी लोखंडी असेल तर लोखंडी रिमचे नट वेगळे लागू शकतात, ते स्टेपनीसोबतच पिशवीत ठेवा. आणि रिमलाही स्वतःची वजनाची मर्यादा असते. छोट्या कारची रिम ६०० किलोच्या टायरसाठी आणि ६५ पीएसआयसाठी बनवलेलीच नसते. मुख्यतः याच कारणासाठी मी तुम्हाला भंगारातलं ते चाक नको म्हटलं. तुमच्याच मॉडेलच्या व्हॅनची लोखंडी रिम शोधा, धुळे-जळगावच्या जुन्या पार्टच्या बाजारात ती मिळते. घेताना नटाची भोकं लांबट झालीत का, भोकांभोवती केसासारखी चीर आहे का, वेल्डिंग केलंय का, हे पाहा. बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवायला लावा, डोलणारी रिम लगेच दिसते.

साइज पूर्ण जुळवा. १५५/८० आर १३ चा व्यास साधारण ५७८ मिलिमीटर येतो, १५५/६५ आर १३ चा ५३२. दोन्ही 'तेरा इंची'च! पण मागे एका बाजूला असं लहान चाक लावलं तर दोन्ही चाकं वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि डिफरन्शियल (वळणावर दोन चाकांना वेगळ्या गतीने फिरू देणारे मागचे गिअर) सरळ रस्त्यावरही सतत राबत राहतं. शिवाय एकाच एक्सलवर रेडियल आणि जुन्या तिरप्या थरांच्या बांधणीचं नायलॉन टायर मिसळू नका.

जुनं टायर घेत असाल तर डीओटी लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांपुढचं टायर नक्षी कितीही भरगच्च असली तरी मी विकत नाही. उन्हात पडून साइडवॉलला बारीक भेगा पडलेल्या असतात, टायर दाबून वाकवलं की दिसतात. जुनं टायर रिमवरून उतरवूनच घ्या आणि आत हात फिरवा. बोटांना काळा भुगा लागला, साइडवॉलच्या आतल्या बाजूला गोल पट्टा घासल्यासारखा दिसला, तर ते टायर कधीतरी बिनहवेचं चाललंय आणि आतून कुजलंय. बाहेरून ते अगदी धडधाकट दिसतं, म्हणून सांगतोय. गरम हत्याराने नक्षी कोरून नवं केलेलं टायरही घेऊ नका, त्यात तारांवरचा रबरच कापला गेलेला असतो. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की टायर कायद्यानेच बाद. खाचेत टीडब्ल्यूआयची, म्हणजे झीज दाखवणारी, उंचवट्याची खूण असते, रबर झिजून तिच्या बरोबरीला आलं की बदलायचं. नव्या टायरवर आयएसआय मार्क असायलाच हवा.

२०२० मध्ये केंद्राने काही छोट्या प्रवासी गाड्यांना स्टेपनीची सक्ती काढली, पण ती टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर किट असेल तरच. तुमच्या जुन्या व्हॅनमध्ये ते नाही. शिवाय कोंडाईबारीच्या घाटात साइडवॉल फाटली तर किटचा उपयोग शून्य.

शेतात जाता तर बाभळीचा काटा आहेच. ट्यूबलेसमध्ये काटा रुतून बसतो आणि हवा हळूहळू जाते, दोन-तीन दिवस पत्ताही लागत नाही. म्हणून एकाच टायरची हवा वारंवार उतरत असेल तर पाण्यात बुडवून बघा. काटा दिसला तरी रस्त्यात उपटू नका, दुकानात उपटा.

स्टेपनी आणल्यावर तिची हवा मागच्या भरलेल्या चाकाच्या आकड्याला ठेवा, वर थोडी जास्तच. रस्त्यात कमी करता येते, वाढवता येत नाही. गाडीच्या पोटाखाली लटकत असेल तर दर पावसाळ्यानंतर खाली उतरवा, काळी माती धुवा, तार आणि स्क्रूला ग्रीस लावा, नाहीतर नेमकी गरज पडेल तेव्हा ती खाली येत नाही. साखळी-कुलूपही लावा, चोऱ्या होतात.

आणि आणली की एकदा घरीच, दिवसाउजेडी, तुमच्याच जॅकने आणि तुमच्याच पान्याने पुढे आणि मागे लावून बघा. पुढे ब्रेकला लागतेय का, मागे मडगार्डला घासतेय का, ते कळेल. मऊ जमिनीत जॅक रुततो, त्याच्याखाली ठेवायला जाड फळी गाडीतच असू द्या. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि ५०-१०० किलोमीटरनंतर परत आवळा.

काट्याच्या दोन्ही पावत्या आणि दरवाजावरच्या स्टिकरचा फोटो इथे टाका. नेमकी साइज आणि लोड इंडेक्स मी सांगतो.