घरच्या नळकामासाठी काय घ्यावं, काय दुकानातच ठेवावं

तुम्ही विचारलंय की पंधरा वर्षं जुना रीसेलचा फ्लॅट घेतलाय, किरकोळ नळदुरुस्ती घरीच करायची आहे, तर ऑनलाइन मिळणारी ती शंभर नगांची अवजारपेटी घ्यावी का. नका घेऊ. त्या पेटीत सॉकेट आणि स्क्रू ड्रायव्हरचे बिट खच्चून भरलेले असतात, ते गाडीला आणि फर्निचरला उपयोगी. नळाला लागणारा मोठ्या जबड्याचा पाना बहुधा त्यात नसतोच.

पैसे खर्चायच्या आधी एक सकाळ घरातले व्हॉल्व्ह शोधण्यात घालवा. सोसायटीच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून लाईन डक्टमधून खाली येतात. स्वयंपाकघराची वेगळी, बाथरूमची वेगळी, कुठे कुठे फ्लशची तिसरीच. प्रत्येक व्हॉल्व्ह बंद करून कुठला नळ थांबतो ते बघा आणि रंगाच्या मार्करने तिथेच लिहून ठेवा. जुना गेट व्हॉल्व्ह क्षार बसल्याने पूर्ण बंद होत नाही, चाक फिरतं पण धार चालूच राहते. तसं असेल तर तुमचं पहिलं काम तो बदलून घेणं हेच आहे, आणि ते काम प्लंबरचं, कारण त्यासाठी गच्चीवरून पाणी बंद करावं लागतं. बेसिन आणि कमोडखालचे अँगल कॉकही (तिथलं पाणी बंद करायचे छोटे कॉक) दोन-तीन महिन्यांनी एकदा बंद-चालू करत जा. वर्षानुवर्षं हात न लागलेला कॉक गरजेच्या वेळी फिरत नाही.

मग पाईप ओळखा. प्लॅस्टिकचा, पिवळसर क्रीम रंगाचा दिसला तर सीपीव्हीसी, तो गरम पाण्याला चालतो. पांढरा यूपीव्हीसी थंड पाण्यापुरताच. हिरवा बहुतेक पीपीआर, त्याचे जोड मशीनने तापवून वितळवून करतात, त्यामुळे तो आपल्या हातचा नाही. चुंबक चिकटलं तर जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप. पंधरा वर्षं जुन्या घरात जीआय आणि सीपीव्हीसी दोन्ही सापडू शकतात, कारण मधल्या काळात कुणीतरी अर्धं बाथरूम तोडून नवीन केलेलं असतं.

आता अवजारं. दोन पाने हवेत, एकाने भागत नाही. बारा इंची पाईप पाना आणि दहा इंची स्क्रू पाना. दोन का, हे जरा सविस्तर सांगते, कारण घरच्या नळकामातलं सगळ्यात महागडं नुकसान इथेच होतं. भिंतीतून बाहेर आलेला जुना नळ तुम्ही एका पान्याने जोर लावून फिरवता. नळाचे आटे गंजून किंवा क्षाराने धरलेले असतात, त्यामुळे नळ सुटण्याऐवजी त्याच्या मागचं एक्स्टेन्शन निपल (नळ आणि भिंतीतला पाईप जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा) फिरतं, आणि तेही जाम असेल तर थेट भिंतीतला एल्बो, म्हणजे काटकोनी जोड. तो सीपीव्हीसीला चिकटवलेला असेल तर जोड तडकतो. वरून काही दिसत नाही. नळ नवा, काम छान. मग काही आठवड्यांनी खालच्या मजल्यावरचे काका छतावरच्या ओलीचे फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. म्हणून एका पान्याने मागचा भाग घट्ट धरायचा आणि दुसऱ्याने पुढचा सोडवायचा. मागचं काहीच पकडीत येत नसेल, सगळं टाईलच्या आत असेल आणि नळ हलत नसेल, तर तिथे थांबा. पान्याच्या दांड्याला पाईपचा तुकडा अडकवून जोर वाढवणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्या बाथरूमची फोडलेली भिंतही पाहिली आहे. जाम झालेल्या आट्यांवर गंज सोडवायचं तेल मारायचा मोह होतो, पण पलीकडे सीपीव्हीसी असेल तर मारू नका. काही तेलांनी आणि ग्रीसने तो पाईप ठिसूळ होऊन तडे जातात.

पाईप पान्याला दात असतात, क्रोमच्या नटावर ते ओरखडे काढतात. चकचकीत वस्तूला स्क्रू पाना लावा, नाहीतर मध्ये जुन्या टॉवेलचा तुकडा घाला.

याशिवाय एक पकड, पाईप कापायचा कटर (करवतीनेही होतं, पण काप तिरका येतो आणि कडेला बुरा, म्हणजे खरखरीत कुसं, राहतो), कानस, पॉलिश पेपर, टेस्टर, कपाळाला बांधायची बॅटरी. बेसिनच्या मागचा नट सोडवायला लांब दांड्याचा बेसिन पाना मिळतो. तो वर्षातून एकदा लागेल, पण लागेल तेव्हा त्याला पर्याय नाही. तुंबलेल्या बेसिनसाठी रबरी प्लंजर घ्या. वापरताना बेसिनचं वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने बंद करा, नाहीतर सगळा दाब तिथूनच निघून जातो. लांब स्प्रिंग वगैरे आत्ता नको.

टेफ्लॉन टेप चार-पाच रोल आणून ठेवा, स्वस्त असतात. बाहेरचे आटे असलेल्या बाजूला, आवळायच्या दिशेनेच सात-आठ वेढे घट्ट ओढून द्या. उलटे दिले तर आवळताना टेप गोळा होऊन बाहेर येते. आवळून झाल्यावर नळाचं तोंड वाकडं राहिलं म्हणून थोडं मागे फिरवलंत की गळती नक्की. पूर्ण काढा, जुनी टेप खरवडा, वेढे कमी-जास्त करून पुन्हा बसवा. रबरी वॉशर असलेल्या कनेक्शन पाईपला (नळाला जोडायचा लवचीक पाईप) टेप लावू नका, तिथे पाणी वॉशर अडवतो. जीआयच्या जोडाला जुने प्लंबर ताग आणि सफेदा (पांढरा लेप) लावतात. जोड पक्का होतो यात शंका नाही, पण जुन्या सफेद्यात शिसं असायचं, म्हणून पिण्याच्या पाण्याच्या लाईनला टेफ्लॉनच बरी.

प्लॅस्टिक आणि धातूच्या आट्यांचा जोड असेल तर प्लॅस्टिकचे बाहेरचे आटे धातूत जाऊ द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यांत पितळी नळ पिळला की आज ना उद्या ते फाटतं. त्यासाठी आतून पितळ बसवलेले एल्बो मिळतात, तेच घ्या.

पाईप चिकटवायचा सॉल्व्हेंट सीपीव्हीसीचा वेगळा आणि यूपीव्हीसीचा वेगळा, डब्यावर वाचून घ्या. सगळ्यात लहान डबा घ्या, कारण एकदा उघडला की तो घट्ट होत जातो आणि जेलीसारखा झाला की फेकायचाच. पाईप सरळ कापा, बुरा काढा, कोरडा करा, सॉल्व्हेंट लावून आत ढकलताना पाव फेरा फिरवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. सॉकेट आतून निमुळतं असल्याने हात सोडला की पाईप आपोआप मागे सरकतो. पाणी कधी सोडायचं ते डब्यावर लिहिलेलं असतं. मी तरी एक रात्र जाऊ देते.

सुट्या भागांपैकी अर्ध्या इंचाचे दोन पितळी डमी प्लग आधी आणा. रविवारी रात्री नळ हातात आला तर निदान भिंतीतलं भोक बंद करून झोपता येतं. एक जादा कनेक्शन पाईप, एक अँगल कॉक, मापाचे वॉशर, एवढं पुरे. क्वार्टर टर्न (पाव फेऱ्यात उघडणाऱ्या) नळाचं स्पिंडल, म्हणजे आतला फिरणारा भाग, आधी आणून ठेवू नका. त्याच्या डोक्यावरच्या दात्यांची संख्या नळागणिक वेगळी असते, म्हणून जुनं काढून खिशात टाका आणि तेच दुकानात दाखवा. गळती बुजवायची एम-सील ठेवा, पण ती पाणी बंद करून, कोरड्या जागेवर आणि तात्पुरतीच.

सुरक्षेचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी लिहिते. गिझरच्या आसपास काहीही करायचं तर बटण नाही, बोर्डावरचा एमसीबी (त्या लाईनची वीज तोडणारा स्विच) पाडा आणि टेस्टरने तपासा. गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात म्हणून त्याला प्लग मारणारे लोक आहेत. आतला दाब बाहेर पडायचा तो एकच रस्ता असतो. सॉल्व्हेंटचा वास डोक्यात जातो आणि त्याची वाफ पेट घेते, तेव्हा दार-खिडकी उघडी ठेवा आणि जवळ अगरबत्तीसुद्धा नको.

चष्मा घ्याच, डोळ्यांच्या कडाही झाकणारा. सिंकखाली उताणं पडून काम करताना गंज आणि घाण थेट डोळ्यांत पडते. टाईल छिन्नीने फोडायची असेल तर एन-९५ मास्क लावा. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि पायात बंद बूट. ओल्या लादीवर हवाई चप्पल घालून स्टुलावर चढणं हा आपल्याकडचा लाडका प्रकार आहे, तो टाळा.

मोरी तुंबली की लोक आधी ॲसिड ओततात. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर मिसळली की क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. एक ओतून उपयोग झाला नाही म्हणून लगेच दुसरं ओतू नका. कॉस्टिकची पावडर टाकली असेल तर त्यानंतर प्लंजर मारू नका, ते गरम पाणी तोंडावर उडतं. नहाणी ट्रॅपची जाळी उचलून आतला केसांचा गोळा हाताने काढला तर बहुतेक वेळा बाटलीची गरजच पडत नाही.

आणि तुमच्या प्रश्नातली शेवटची ओळ, सोसायटीची जमिनीखालची टाकी आपणच उतरून साफ केली तर पैसे वाचतील, ही. नाही. पिण्याच्या पाण्याची असली तरी बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि आत उतरलेल्या माणसाला ते कळत नाही. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही कोसळतो. ड्रेनेज चेंबर आणि सेप्टिक टँक तर त्याहून घातक. तिथे सुरक्षासाधनांशिवाय कुणालाही उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, मग तो माणूस आपल्या मर्जीने आणि रोजंदारीवर आलेला का असेना. कमिटीत हा विषय निघाला तर यंत्रसामग्री घेऊन येणाऱ्यांचंच कोटेशन मागवा.