मांडवातल्या फोटोंवर घर चालेल का?

पत्र: माझी मुलगी पुण्यात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात एका फोटोग्राफरची मदतनीस म्हणून मुळशी-भोरकडच्या चार लग्नांना गेली आणि आता कॉलेज सोडून हेच करायचं म्हणते. तेही मोठ्या कार्यालयातली लग्नं नकोत, गावाकडची, शेतावरची निवांत लग्नंच. कॅमेऱ्यासाठी दीड लाख मागते आहे. तिचे बाबा या विषयावर बोलतच नाहीत. महिन्याचा पगार नाही, रात्री-अपरात्री आडगावाहून परत येणं आलं, शिवाय उद्या तिचं स्वतःचं लग्न ठरवताना लोक काय म्हणतील? आम्ही काय करावं?
– एक आई, सिंहगड रस्ता

ताई, नमस्कार.

माझं मत आधीच सांगते, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत ताटकळावं लागणार नाही. मुलीला हे काम जरूर करू द्या. कॉलेज मात्र सोडू देऊ नका, आणि दीड लाख आत्ता देऊ नका.

बारावीनंतर माझ्याकडे सल्ल्याला आलेली एक विद्यार्थिनी आज मावळ, मुळशी, भोर, पुरंदर या पट्ट्यात हेच काम करते. तुमचं पत्र आलं तेव्हा मी तिला फोन केला आणि तिच्या पुढच्या ऑर्डरला मीही सोबत गेले. पौडच्या पुढे, घरासमोरच्या अंगणातलं लग्न. वऱ्हाड अडीचशेच्या आत. कार्यालयात कसं, हॉल ठरावीक वेळेत रिकामा करायचा असतो, त्यामुळे सगळं घड्याळाच्या धाकात चालतं. इथे तसलं काहीच नव्हतं. म्हातारी माणसं ओट्यावर गप्पा मारत होती, पोरं कडब्याच्या गंजीवर चढली होती, आचारी चुलाणापाशी विडी ओढत होता. तुमच्या लेकीला याचीच भूल पडली असणार, आणि मला ती अगदी पटते. मलाही तिथून निघवत नव्हतं.

पण त्या दिवशी मी वऱ्हाडाकडे कमी आणि माझ्या विद्यार्थिनीकडे जास्त बघत होते. मांडव लाल-पिवळ्या कापडाचा होता. ऊन वर आलं की अशा कापडातून उजेड गाळून येतो आणि नवरीचा चेहरा तांबडा दिसतो. हिरवी नेट असली तर माणसं आजारी वाटतात. हे नंतर कॉम्प्युटरवर पुरतं निस्तरता येत नाही. म्हणून ती आदल्या दिवशीच जाऊन मांडववाल्याला भेटली होती आणि बोहल्यावरचा एवढा एक पट्टा पांढऱ्या कापडाचा लावून घेतला होता. मांडववाला आधी कुरकुरला. तिने त्याच्या पोरांचे दोन फोटो काढून त्याला पाठवले, तेव्हा स्वतः शिडीवर चढला.

सकाळी नवरीची आजी पडवीत अक्षता निवडत बसली होती. ही कॅमेरा मांडीवर ठेवून तिच्याशेजारी बसली आणि खडे काढू लागली. वीस मिनिटं एकही फोटो नाही. आजी आपल्या लग्नाचं सांगू लागली, बैलगाडीतून वरात कशी आली, वाटेत ओढ्याला पाणी कसं होतं. मग नात मुंडावळ्या बांधून दारात उभी राहिली. आजीने हातातलं सूप खाली ठेवलं आणि कुंकवाची बोटं पदराला पुसायची विसरून तशीच नातीच्या गालाला लावली. तेव्हा हिने दोन फोटो काढले. फक्त दोन. गालावरच्या तीन बोटांच्या खुणा त्यात स्पष्ट दिसतात. वीस मिनिटं ती सुपातले खडे काढत बसली नसती तर आजी कॅमेरा बघून सावरून बसली असती आणि पदर नीट करून ‘काढ आता’ म्हणाली असती.

अंतरपाटाचं तर ऐकण्यासारखं आहे. शेवटचं मंगलाष्टक संपून ‘सावधान’ म्हटलं की एका क्षणात अंतरपाट बाजूला होतो, अक्षता पडतात, वाजंत्री सुरू होते, आणि कुणीतरी काका मोबाईल उंचावून बरोबर मध्ये येतात. तो क्षण परत मागता येत नाही. हिने गुरुजींना सकाळीच विचारून ठेवलं होतं की अष्टकं किती म्हणणार, त्यातलं शेवटचं कोणतं आणि मुलीकडच्या बायका मध्ये म्हणणार आहेत का. शेवटचं सुरू झालं तशी ती गुरुजींच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिली. तिथे कोणतेही काका पोचत नाहीत.

ती जेवली ती शेवटच्या पंगतीला, पावणेतीन वाजता, मांडीशी कॅमेरा ठेवून. संध्याकाळी अंगणात बल्ब लागले. स्वस्त एलईडीच्या उजेडात फोटोवर काळे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतो, म्हणून शटर सेकंदाच्या १/१०० वर ठेवायचं, हे तिला एका अख्ख्या वरातीचे फोटो हातचे गेल्यावर कळलं होतं. लग्न निवांत होतं ते पाहुण्यांना, ताई. तिला सोळा तासांत पाठ टेकायला मिळाली नाही. तुमच्या लेकीने मदतनीस म्हणून लग्नं पाहिली, त्यांची जबाबदारी अजून अंगावर घेतलेली नाही. मी थांबा म्हणते ते एवढ्याचसाठी.

जबाबदारी म्हणजे काय ते माझ्या घरचंच सांगते. माझ्या भाच्याच्या लग्नात हळदीचे सगळे फोटो गेले. फोटोग्राफरने एकाच मेमरी कार्डावर काढले होते, ते कार्ड बिघडलं. त्याने पैसे परत केले. पण त्या हळदीत माझे वडील नाचले होते, आणि पुढच्या वर्षी ते गेले. मला अजून तो फोटो हवा असतो. म्हणून माझ्याकडे या कामाबद्दल विचारायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारते की तुझ्या कॅमेऱ्यात कार्डं किती आणि घरी पोचल्यावर फोटो किती ठिकाणी उतरवतोस? २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला कच्चा फोटो, साधारण २५ एमबीची धरा. एका लग्नाचे अडीच हजार फोटो म्हणजे ६० जीबीच्या वर. ते दोन कार्डांवर एकाच वेळी पडले पाहिजेत, त्याच रात्री दोन हार्ड डिस्कवर गेले पाहिजेत, आणि त्यातली एक डिस्क वेगळ्या घरी राहिली पाहिजे. लेकीने आधी खर्च करायचा तो यावर.

कॅमेरा भाड्याने घ्या. पुण्यात बॉडी, लेन्स, फ्लॅश सगळं दिवसाच्या भाड्याने मिळतं. दोन सीझन भाड्याच्या कॅमेऱ्यावर काम केलं की आपल्याला काय लागतं ते हाताला कळतं, आणि मग घेतलेली वस्तू कपाटात पडून राहत नाही. पुढे पैसे लागलेच तर मुद्रा योजनेच्या ‘शिशु’ गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. बाबांच्या ठेवीला हात लावायची गरज पडू नये.

आता पदवीचं. आपल्याकडे लग्नं चातुर्मासात जवळजवळ थांबतात आणि तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा सुरू होतात. म्हणजे वर्षातले चार महिने ऑर्डर नसल्यातच जमा. पगार नाही ही तुमची भीती खरी आहे, पण तिचं नेमकं रूप हे आहे: आठ महिन्यांत बारा महिन्यांचं कमवावं लागतं. आषाढ ते कार्तिक या दिवसांत बारसं, डोहाळजेवण, कृषी पर्यटन केंद्रांचे फोटो अशी कामं मिळतात, पण ती स्वतः शोधावी लागतात. आणि हेच महिने अभ्यासाला मोकळे असतात. अडचण होते ती एप्रिल-मेमध्ये, जेव्हा परीक्षा आणि मुहूर्त एकमेकांवर येतात. त्या दोन महिन्यांत परीक्षेच्या तारखा आधी, ऑर्डर नंतर, एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या.

बी.कॉम.ला ती कमी लेखत असेल, तर तिला सांगा की या धंद्यात बुडालेले बहुतेक जण मी फोटोंमुळे बुडालेले पाहिले नाहीत. ॲडव्हान्स न घेता तारीख धरली, प्रवासखर्च दरात धरला नाही, अल्बमवाल्याची उधारी वाढली, यात ते बुडाले. एक दिवस फोटो काढले की निवड, रंग आणि अल्बमची मांडणी यात पुढचे पाच-सहा दिवस जातात, आणि नवी मुलं दर सांगतात तो एका दिवसाचा. याचा हिशेब वहीत मांडता येणं हीसुद्धा या कामातली विद्याच आहे. शिवाय पुढे शिकावंसं वाटलं, तर लॉ कॉलेज रस्त्यावरच्या एफटीआयआय या चित्रपट शिक्षणसंस्थेतला छायालेखनाचा अभ्यासक्रम असो की गांधीनगरच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतला फोटोग्राफी डिझाइनचा, दोन्हीकडे पदवी आधी मागतात. आज कॉलेज सोडलं तर ती दारं आपल्याच हाताने बंद होतील.

एक कायद्याची गोष्ट, जी फोटोग्राफरांनाही बहुधा ठाऊक नसते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतले तर वेगळा करार नसताना त्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे नवरीकडच्यांच्या परवानगीशिवाय ते इन्स्टाग्रामवर टाकायचा हक्क फोटोग्राफरला आपोआप मिळत नाही. गावाकडच्या लग्नात तर ओळखीवर, तोंडी बोलीवर सगळं ठरतं. तिने एक पानाचा मराठी करार करून घ्यावा. त्यात तारीख, ॲडव्हान्स, किती फोटो, कधी देणार, कुठे टाकणार, आणि खाली दोघांच्या सह्या.

तुमच्या रात्रीच्या काळजीचं उत्तरही त्याच पानावर लिहायचं. राहण्याची सोय यजमानांनी करायची, फोटोग्राफर दोघीजणी येतील, वरात संपल्यावर घाटातून परतीचा प्रवास नाही, उजाडल्यावर निघणार. माझी विद्यार्थिनी पहिल्या वर्षापासून हे लिहून घेते. त्या रात्री आम्ही माजघरात नवरीच्या मावशांबरोबर झोपलो. नवरीच्या खोलीत, साडी बदलताना, आई लेकीच्या केसांत गजरा माळताना, बायका बायकांत रडताना पुरुष फोटोग्राफरला आत जाताच येत नाही. तिथले फोटो फक्त तीच काढू शकते, आणि पाठवणीनंतर घरची माणसं सगळ्यात आधी तेच फोटो मागतात. तुमच्या लेकीच्या लग्नाचं म्हणाल, तर जिने इतक्या घरांचं माजघर आतून पाहिलं, ती आपल्यासाठी घर निवडताना तुम्हा-आम्हापेक्षा डोळसपणे निवडेल असं मला मनापासून वाटतं.

बाबांना एक विनंती. एकदा तिच्यासोबत एका ऑर्डरला जा. पाहुणे म्हणून नको, बॅगा उचलायला. तिचं काम तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा ते तुमच्या डोळ्यांनी दिसू दे.

आणि बाळ, हे तुझ्यासाठी. फक्त निवांत लग्नंच करायची हा हट्ट दोन वर्षं बाजूला ठेव. कार्यालयातल्या गर्दीत, तीन तासांत सगळं उरकणाऱ्या लग्नातही सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरच्या जोडीची दुसरी फोटोग्राफर, म्हणून उभी राहा. हात तिथे जलद होतो, आणि तो जलद असला तरच अंगणात वीस मिनिटं नुसतं बसून राहायची हिंमत येते. गणपतीत लक्ष्मी रस्त्याच्या मिरवणुकीत दिव्यांच्या उजेडात सराव कर, तो फुकट आहे. ड्रोनच्या मागे आत्ता लागू नकोस. खडकवासल्याला एनडीए ही लष्करी प्रबोधिनी, लोहगावला हवाई दलाचा तळ, अशी लष्करी ठिकाणं जवळ आहेत, आणि उडवायचं तर नियम व परवाने पाळूनच उडवायचं.

तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या ऑर्डरला जाशील तेव्हा त्या एका लग्नातले बारा फोटो निवड. तेरावा नको. त्यातले निदान चार असे असू देत ज्यात नवरा-नवरी नाहीत. ते साध्या कागदावर छापून घे आणि आईबाबांना घेऊन माझ्याकडे ये. कॅमेरा घरी ठेवलास तरी चालेल, हिशेबाची वही मात्र सोबत आण.